आतल्या कामाचे काकाजी

नवं घर बांधलेला माणूस पाहुण्यांना टाइल्स दाखवतो, स्वयंपाकघराचा ओटा दाखवतो, फार झालं तर गच्चीवर नेऊन गाव दाखवतो. आमचे काकाजी पाहुण्याला उभं करतात ते न्हाणीघराच्या दारात.

"इथं खाली पाहा जी. काही दिसते?"

पाहुणा वाकतो, चष्मा सारखा करतो. फरशी दिसते, बादली दिसते. "नाई," तो भीतभीत म्हणतो.

"नाई ना? मंग बरोबर आहे!" काकाजींचा चेहरा फुलतो. "याच्या खाली चार इंची पाइप आहे. त्याच्या खाली गिट्टी. त्याच्या खाली..." तिकडे बैठकीत पाहुण्याचा चहा निवत असतो.

ही एक जातच असते आणि प्रत्येक गोतावळ्यात तिचा एक तरी नमुना सापडतो. कुणी भिंतीतल्या वायरिंगबद्दल बोलतो, कुणी कॉलममधल्या सळयांबद्दल. वर दिसतं ते सगळं यांच्या लेखी वरवरचं. "चांगलं काम दिसलं नाई पाहिजे" हे यांचं ब्रीद, आणि ते न दिसणारं काम आपल्याला दिसल्याशिवाय हे आपल्याला सोडत नाहीत.

काकाजींच्या बाबतीत हा रोग गोल्फमुळे बळावला. खेळायचं म्हणाल तर त्यांनी गोल्फची काठी कधी फिरवली नाही. नाचणगावचा माणूस, घरी कपाशी नि तूर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि मुंबईतल्या एका जुन्या खाजगी क्लबात गोल्फचं मैदान सांभाळायला लागले. सुट्टीत घरी आले तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय पेरता तिथं?" काकाजी म्हणाले, "गवत." आजोबांनी पानाची पिंक टाकून एवढंच म्हटलं, "ते तं इथंच लय होतं."

आजोबांचं चुकलं नव्हतं. मैदानात जिथे झेंडा नि भोक असतं त्या राखलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात, आणि आपल्याकडच्या ग्रीनवर बहुतेक ठिकाणी जे गवत असतं ते आपल्या हरळीच्या घराण्यातलं. जगभर तिला बर्म्युडा म्हणतात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन गावी तिचं आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या गवताशी लग्न लावलं आणि त्या वंशात टिफग्रीन, टिफड्वार्फ, टिफईगल अशी लेकरं निपजली. त्यांना बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. आता आमच्या भागात वावराला हरळी लागली आहे म्हटलं की सोयरे मुलगी देताना विचार करतात. पिढ्यान्‌पिढ्या ती कुदळीनं खणण्यात, उन्हात वाळवण्यात आणि अलीकडे फवारण्यात गेल्या. आणि घरातला एकुलता शिकलेला मुलगा मुंबईला जाऊन ती कांडी-कांडीनं लावतो, तिला खत घालतो आणि वर पगार घेतो!

काकूचं दुःख वेगळं. गणपतीत 21 दूर्वांची जुडी लागते. एकरांनी दूर्वा लावणारा नवरा, पण काकूनं जन्मभर जुडी बाजारातूनच विकत आणली. कारण ग्रीनवरचं गवत रोज कापून तीन-साडेतीन मिलिमीटरवर ठेवतात. त्यात तीन पात्यांची दूर्वा कुठून निघणार? "इतकं गवत लावलं, पण देवाच्या कामाचं एक पातं नाई," असं काकू अजून म्हणते. काकाजी त्यावर म्हणतात, "देवाले सांग, हाइट कमी ठेवली आहे."

काकाजींना साल सांगायची हौस फार. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा, मुंबईचा पहिला 1842 चा, चेंबूरचं प्रेसिडेन्सी 1927 चं. स्वतःच्या पोरांचे वाढदिवस मात्र काकूला विचारतात. नोकरीच्या अखेरीस त्यांच्या क्लबानं जुनं मैदान उकरून नव्यानं करायला घेतलं आणि काकाजींच्या आयुष्याचे दोन भाग पडले, रिनोव्हेशनच्या आधीचा आणि नंतरचा. तो शब्द ते पूर्ण उच्चारतात, सावकाश, एखाद्या थोर माणसाचं नाव घ्यावं तसा.

"पण जुन्या मैदानाला झालं काय होतं?" हा प्रश्न जेवणाआधी विचारू नये. वरून दरवर्षी वाळू टाकून टाकून ग्रीन उंचावतात. मेलेल्या काड्यामुळ्यांचा थर साचतो आणि पाणी अडतं. मुंबईच्या पावसात वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, गाळानं भरतात. कुठल्याशा महोत्सवात लावलेली रोपटी मोठी होऊन सावली धरतात, आणि हरळीला सावली चालत नाही. सगळ्यात गमतीचं म्हणजे ग्रीन आक्रसतात. मशीनवाला कडेचं उंच गवत चुकून सोललं जाऊ नये म्हणून दर वेळी जरासा आतून वळतो. वर्षानुवर्षं असं चाललं की मूळचा ऐसपैस ग्रीन चांगलाच लहान झालेला असतो. आमच्याकडे शेजाऱ्याचा नांगर धुऱ्यात दर सालाला एक तास आत सरकतो, तसंच हे. फक्त इथे चोर कुणी नसतो आणि कोर्टाची तारीखही पडत नाही. मग जुने फोटो काढायचे, विमानातून घेतलेले असले तर उत्तमच, माती चाचपायची आणि मूळची कड हुडकायची. काकाजींचा जीव यात रमला. गावातल्या धुऱ्यांच्या भांडणात तेव्हापासून त्यांना पंच म्हणून बोलावतात, आणि ते फोटो मागतात.

रिटायर होऊन ते नाचणगावला परतले तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर परसात खड्डा खणला. "तोंडानं सांगून समजत नाई तुमाले." 1960 साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं ग्रीनची कृती छापली. तळाशी पाइप, त्यावर 4 इंच गिट्टी, त्यावर 12 इंच निवडक वाळू, आणि मग गवत. आमची माती काळी. पावसाळ्यात चिखल होऊन पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात काकाजींनी चटईएवढा ग्रीन बांधला. आल्यागेल्याच्या देखत त्यावर घागर ओतायचे. पाणी नाहीसं व्हायचं.

"गेलं कुठं?" म्हातारे विचारायचे.

"तेच तं!"

पाणी जमिनीत टिकावं म्हणून बांध घालणारं, आभाळाकडे डोळे लावून बसणारं गाव. इथे पाणी लवकरात लवकर घालवण्यासाठी एवढा खटाटोप केलेला पाहून लोक काही न बोलता घरी जायचे. एके दिवशी शेजारची बकरी येऊन ग्रीन चरून गेली. काकाजी काठी घेऊन धावले, मध्येच थांबले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पट्टीनं उंची मोजली. "एक सेंटिमीटर. जरा जास्त आहे, पण कटिंग एकसारखं आहे बाप्पा!" मग आम्हाला स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठची गोल्फची मैदानं पूर्वी मेंढ्याच चरून कशी राखायच्या ते ऐकावं लागलं. बकरी तोवर परत आली होती.

परदेशातले किस्सेही ते निवडून आतल्या कामाचेच सांगतात. अमेरिकेतल्या ओकमाँटच्या मैदानावर मूळ आराखड्यात झाडं फारशी नव्हती, ती मागाहून लावलेली. 1990 च्या दशकात कमिटीनं ती काढायचं ठरवलं, पण सभासद बोंब मारतील ही भीती. म्हणून माळी लोक पहाटे अंधारात झाडं तोडायचे आणि उजाडायच्या आत भुसा झाडून, बुंध्यावर हिरवळ अंथरून मोकळे व्हायचे. पुढे हजारो झाडं गेली, पण सुरुवातीला कितीतरी दिवस कुणाला पत्ता नव्हता! हे सांगताना काकाजींचे डोळे पाणावतात. जगात कुणाच्या नशिबी असं काम येतं, असा तो भाव असतो.

अमेरिकेतल्याच पाइनहर्स्टचा किस्सा मात्र त्यांनी गावात सांगायचं बंद केलं. तिथल्या 1907 सालच्या प्रसिद्ध मैदानाला जुनं रूप द्यायला 2010-11 मध्ये 35-40 एकर बर्म्युडा उपटून टाकलं आणि उघडी रेती, रानगवत येऊ दिलं. हे पारावर सांगितलं तेव्हा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "म्हंजे हरळी काढाले पैसे देऊन रायले का थे? मंग मले काहून नाई बोलावलं? म्या साठ सालापासून फुकट करून रायलो."

दुसरा प्रसंग मारुतीच्या देवळातला. ग्रीनवर चेंडू किती घरंगळतो हे मोजायला स्टिंपमीटर नावाची पट्टी असते. 1935 साली ओकमाँटच्याच स्पर्धेत जीन सॅराझेनसारख्या कसलेल्या खेळाडूचा चेंडू घरंगळत ग्रीनबाहेर गेलेला पाहून एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गृहस्थानं ती बनवली. खाच असलेली पन्हळी पट्टी, हळूच उचलायची, चेंडू सुटला की किती फूट गेला ते मोजायचं. काकाजींनी सरकत्या खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीची एक केली आणि देवळात नवी फरशी बसली त्या संध्याकाळी घेऊन गेले. भजन रंगात आलेलं. काकाजींनी पट्टी उचलली. चेंडू टाळकऱ्यांच्या रांगेतून सरळ गेला, पेटीवाल्याच्या मांडीला लागला आणि थांबला. "बारा फूट!" काकाजी भर अभंगात ओरडले. "पण डावीकडे ओढते. मिस्त्रीनं उतार चुकवला." तो उतार खरंच चुकला होता. पहिल्याच पावसात पाणी गाभाऱ्याकडे आलं. तेव्हापासून गावातले मिस्त्री काकाजींना वचकून असतात, आणि कुठेही फरशीचं काम निघालं की त्यांच्या झोपेच्या वेळी उरकतात.

एका गोष्टीवर मात्र काकाजी मोकळेपणानं बोलत नाहीत. ती काकूनं सांगितली. क्लबातलं काम पुरं झालं, मैदान उघडलं, जुने सभासद एक फेरी मारून आले. काकाजी दाराशी उभे. एक वयस्क साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान! अगदी पहिल्यासारखंच आहे. काही बदललं असं वाटतच नाही." ज्या वाक्यासाठी जन्म घालवला तेच वाक्य. आणि माणूस घरी येऊन न जेवता झोपला. पुढे 2019 साली दिल्ली गोल्फ क्लबाच्या लोधी मैदानाची गोल्फपटू गॅरी प्लेअरनं फेररचना केली आणि नव्या ग्रीनच्या चढउतारांवर मोठमोठे खेळाडू कुरकुरले. ती बातमी काकाजींनी दोनदा वाचली. "शिव्या खाल्ल्या पठ्ठ्यानं," ते म्हणाले. आवाजात हेवा होता, असं माझं मत आहे.

पण त्यांनी फोटो काढून ठेवले आहेत. मोबाइलभर. एकाही फोटोत माणूस नाही. खंदक, पाइप, गिट्टी, जाळी, वाळू. मागच्या वैशाखात पुलगावला घरच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाडी मंडळींत बसून काकाजींनी सवयीनं मोबाइल काढला आणि मुलाच्या मोठ्या काकांपुढे धरला. त्यांनी कौतुकानं विचारलं, "नातू का?"

"नाई जी. चौदा नंबरचा ग्रीन. गिट्टी टाकायच्या आधीचा."

आम्ही मान खाली घातली. सोयरीक अजून ताजी होती. त्या गृहस्थांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "पाइपले उतार किती दिला?"

"शंभराले एक."

"कमी नाई होत?" असं म्हणत त्यांनी स्वतःचा मोबाइल बाहेर काढला. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले होते. "हे पाहा. आमचा पूल. म्हंजे पूल नाई दिसत याच्यात. हा पाया आहे, पाण्याखालचा."

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, दुसरी बसली. दोघांची पानं रिकामी. काकूनं मला शोधायला पाठवलं. दोघे मांडवामागे, जिथे भांडी घासायचं पाणी सोडलं होतं, तिथे उकिडवे बसले होते. सोयऱ्यांच्या हातात काडी होती, काकाजींच्या हातात चेंडू, आणि नवरदेवाचा एक मामा वाकून पाहत म्हणत होता, "मले तं काहीच दिसून नाई रायलं."