गंज उतरवणाऱ्या डायमंड साहेबांस

माननीय डायमंड साहेब,


आपलं नाव मुद्दामच लिहीत नाही. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये त्याची गरजही नाही. पावर हाउसच्या बाजारात आपण दिसलात की निम्मी माणसं नमस्कार करतात आणि उरलेली गल्ली बदलतात. चेन मार्केटिंगमध्ये सिल्व्हर, गोल्ड करत आपण डायमंड झालात म्हणे. अभिनंदन! आमच्या काकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही, त्याच सुमारास चढत होतं.

गिऱ्हाईक मात्र अचूक हेरलंत. भिलाईत पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हे गाव लोखंडावर जगतं. काकांची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये गेली. त्यांना आपण समजावलंत, ‘लोखंडाला हवा लागून गंज चढतो, तसं कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइज होऊन रक्ताच्या नळ्या गंजतात. आमची अँटिऑक्सिडंट कॅप्सूल म्हणजे आतून रेड ऑक्साइडचा हात!’ काका खूश. रेड ऑक्साइड हा स्वतःच लोखंडाचा ऑक्साइड असतो, हे त्या माणसाला आपल्याहून जास्त ठाऊक होतं. पण घरी आलेल्या पाहुण्याला अडवायचं कसं?

मग तो प्रयोग. काकूंकडून काचेचा ग्लास मागितलात, पाण्यात बेटाडिनचे थेंब टाकलेत, पाणी तपकिरी झालं. ‘हे तुमचं रक्त.’ कॅप्सूल फोडून पूड टाकलीत, चमचा फिरवलात, पाणी स्वच्छ! शेजारच्या दोन वहिनींनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. साहेब, पुडीतल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनचं आयोडाइड केलं आणि रंग गेला, एवढंच. लिंबू पिळलं असतंत तरी हेच झालं असतं. पण लिंबाची चेन कशी लावणार?

गंजाची कल्पना आपली नव्हे, हेही सांगून टाकतो, नाहीतर त्याचंही कमिशन मागाल. ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल धमन्यांच्या भिंतीत साचतं, हा विचार गंभीर शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मांडला होता. त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त त्यांनी तो ग्लासात नाही, माणसांत तपासला. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं रोज ई, क आणि बीटा-कॅरोटीन दिलं, निम्म्यांना जीवनसत्त्व नसलेली नुसतीच गोळी. निकाल आला २००२ मध्ये. रक्तातली जीवनसत्त्वं भरपूर वाढली. हार्ट अटॅक आणि मृत्यू मात्र होते तेवढेच. आणि एलडीएल व ट्रायग्लिसराइड? किंचित वाढलेली! त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेत १६० हृदयरोग्यांवरचा अभ्यास आला होता. सिम्व्हास्टॅटिन आणि नायसिन या औषधांमुळे चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, वाढत होतं. सोबत अँटिऑक्सिडंट दिल्यावर ती वाढ मंदावली. म्हणजे आपला माल नुसता निरुपयोगी असता तर आम्ही ‘पैसे गेले, पीडा गेली’ म्हणून गप्प बसलो असतो.

पण आपण तिथे थांबणारे नव्हेत. डॉक्टरांनी काकांना दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी, अटोर्वास्टॅटिन, बंद करायला लावलीत. ‘केमिकल आहे, लिव्हर खलास होईल.’ ती गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ पदावर येतं. तसंच झालं. नवा रिपोर्ट घेऊन काकू आपल्याकडे आल्या, तर आपण चष्मा वर करून म्हणालात, ‘वहिनी, जुनी घाण बाहेर पडतेय. डोस डबल करा.’ वा! आकडा उतरला तर कॅप्सूलचा गुण, चढला तरी कॅप्सूलचाच गुण. प्लांटच्या लॅबमध्ये कुणी पोलादाचा असा रिपोर्ट दिला असता, तर संध्याकाळपर्यंत घरी बसला असता.

आणि बिडी ओढणाऱ्या कामगारांना आपण तीच बीटा-कॅरोटीनची बाटली ‘फुप्फुसाचं कवच’ म्हणून विकता, ते कोणत्या धैर्याने? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली होती. १९९४ चा निकाल सांगतो की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पुढच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर हीही एक स्लाइड लावा. दुबईच्या टूरचा फोटो आणि लाल गाडी यांच्या मधे बसेल.

बाटलीवरचं लेबल आपण कधी वाचलंय का? औषधी वापरासाठी नाही, असं त्यावर छापावं लागतं. अन्न सुरक्षेच्या २०१६ च्या नियमांनी ते सक्तीचं केलंय. आपल्या बाटलीवरही छापलंय, अगदी मुंगीच्या अक्षरात. समोरच्या बाजूचं हृदय मात्र लालभडक आणि तळहाताएवढं.

काकांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि जुनी गोळी पुन्हा सुरू केली. सील न फोडलेल्या दोन बाटल्या काकूंनी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यात. पावती आपण दिली नव्हतीत. कालनिर्णयच्या पाठीमागे पेनने रक्कम लिहून सही केली होतीत. ते पान काकूंनी जपून ठेवलंय. रविवारी सकाळी बाटल्या घेऊन जा आणि पैसे रोख आणा. गुगल पे काकूंना चालत नाही.

आपला,
काकांचा पुतण्या