उजव्या हाताच्या दोन बोटांना कारणे दाखवा

श्रीमती तर्जनीबाई आणि श्रीमती मध्यमाबाई,
मुक्काम उजवा हात (हल्ली बहुतेक वेळ डाव्या मनगटावर)

स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम हाताने लिहितो आहे. पेन धरायला तुम्ही दोघी लागता, तेवढा वेळ तरी डावे मनगट मोकळे राहील.

सर्वप्रथम अभिनंदन. बत्तीस वर्षे तुम्ही बँकेच्या कॅश काउंटरवर नोटा मोजल्यात. मळक्या, फाटक्या, टाचणीने टोचलेल्या, घामाने चिकटलेल्या. निवृत्तीच्या दिवशी ओल्या स्पंजची डबी मी शिपायाला देऊन टाकली आणि वाटले, माझ्याबरोबर तुम्हीही सुटलात. सहा वर्षे बऱ्यापैकी वागलात. मग फेब्रुवारीत ईसीजीचा तो लांबलचक कागद हाती आला, डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे दोन शब्द बोलले, आणि तुम्हांला पुन्हा नोकरी लागली! पगार नाही, जेवणाची सुट्टी नाही, रविवार नाही. एवढी निष्ठा बँकेत दाखवली असतीत तर मी मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो.

तुमच्या कामगिरीचा तपशील असा. भाचीच्या लग्नात सगळे मंगलाष्टकांच्या शेवटाला अक्षता टाकत होते, तेव्हा माझ्या अक्षता डाव्या मुठीत तशाच राहिल्या, कारण तुम्ही मनगटावर होतात. डोंबिवली लोकलमध्ये वरची कडी सोडून नाडी धरलीत, त्यामुळे मी एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावर आदळलो. आणि रात्री पावणेतीन ही तर तुमची हक्काची शिफ्ट. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसावा म्हणून मोबाइलचा टॉर्च लावायचा, मग ही कूस बदलून विचारणार, “अहो, पुन्हा?”

वैद्यलोक नाडी बघतात ती तीन बोटांनी. वात, पित्त, कफ असे खातेवाटप असते आणि तिसरे खाते अनामिकेकडे जाते. तुम्ही तिला बरोबर वगळलेत. ती अंगठीची बाई, लग्नातून अशी उठून आली नसती.

कोणी म्हणेल, दोष हृदयाचा आणि पत्र बोटांना का? अहो, हृदय दिवसाला लाखभर ठोके देते, त्याला टपाल वाचायला वेळ कुठला! शिवाय त्याचे काय बिघडले ते डॉक्टरांनी मला नीट सांगितले आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विद्युत्संकेत उसळतात. त्यामुळे ते कप्पे धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक गाठ आहे, जी सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी 1906 मध्ये दाखवून दिली. ती त्या गर्दीतल्या थोड्यांनाच खाली सोडते. पेन्शनच्या दिवशी बँकेच्या दारात 600 माणसे आणि आत सोडणारा वॉचमन एक. त्यात वॉचमनला रांग ही कल्पनाच मान्य नाही. मनात येईल तेव्हा दोन सोडतो, मग जरा थांबतो, मग लागोपाठ चार.

हे ऐकून कोणत्याही शहाण्या बोटांनी ओळखले असते की इथे लय शोधण्यात अर्थ नाही. तुम्ही काय केलेत? पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलेत. उत्तर 88. विश्वास बसेना म्हणून पुन्हा, तर 104. तिसऱ्यांदा 96. तीन वेळा मोजून तीन आकडे! गड्डीत 99 नोटा निघाल्या तर ज्यांना घास गिळवत नसे, त्यांच्या हाती हा हिशोब आला. मग काय, कॅश टॅली होईपर्यंत शाखा बंद करायची नाही, हा तुमचा जुनाच नियम.

आता एक गोष्ट सांगतो, जरा मन घट्ट करून ऐका. तुमची मोजणी मुळातच शॉर्ट आहे. या आजारात काही ठोके इतके दुबळे असतात की हृदयाने दिले तरी मनगटापर्यंत पोचतच नाहीत. छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजले तर आकडा जास्त, मनगटावर कमी. म्हणजे जी रक्कम काउंटरवर आलीच नाही, ती जुळत नाही म्हणून तुम्ही रात्र रात्र जागता आहात.

आणि वर तुमचा उद्योग असा, की एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की मला घाबरवायचे. मी घाबरलो की हृदय धावणार. ते धावले की तुम्ही लगेच रिपोर्ट देणार, “साहेब, 120!” आग तुम्हीच लावायची आणि बंबाला फोनही तुम्हीच करायचा.

1912 साली व्हेंकेबाख या डच हृदयवैद्याकडे एक व्यापारी हाच आजार घेऊन आला होता. याला उपाय नाही, असे व्हेंकेबाखने सांगितले. तेव्हा तो व्यापारी म्हणाला, मी तर स्वतःच थांबवतो, एक ग्रॅम क्विनिन घेऊन. दुसऱ्या दिवशी खरोखरच नियमित नाडी घेऊन हजर! पुढे त्याच घराण्यातले क्विनिडीन हृदयाच्या औषधांत आले. (हे वाचून कोणी क्विनिन आणायला दुकानात पळू नये.) धंद्यासारखेच हृदयही शिस्तीत हवे, असा त्या माणसाचा हट्ट होता. त्याच्या बोटांबद्दल इतिहासात एक अक्षर नाही, पण ती तुमच्याच माहेरची असणार, अशी माझी खात्री आहे.

बरे, खरी भीती कशाची, तर थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याला असलेल्या छोट्या पिशवीत रक्त साकळून गुठळी होण्याची. ती मेंदूत गेली तर पक्षाघात. त्यासाठी डॉक्टरांनी माझे गुण मोजले. पासष्टी ओलांडली म्हणून 1, ब्लडप्रेशरचा 1. दोन मार्कांत पास होण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. बक्षीस म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ. ती गोळी आपले काम मुकाट करते. त्यात तुमचा वाटा मागचा कागद फाडून ती बाहेर काढण्यापुरता. छातीत दुखले, घेरी आली, तोंड वाकडे झाले, तर सरळ हॉस्पिटल गाठायचे आहे. तेव्हाही तुमच्या अहवालासाठी कोणी थांबणार नाही.

तेव्हा आजपासून ड्यूटी चार्ट असा: सकाळी सात वाजता, पाच मिनिटे स्वस्थ बसून झाल्यावर, एकदाच, पूर्ण साठ सेकंद. गुणाकार बंद. आकडा वहीत लिहायचा आणि वही मिटायची. डॉक्टरांनी एवढेच सांगितले होते. बाकीचा कारभार तुमचा स्वतःचा.

रिकाम्या वेळाचे काय, याची चिंता नको. परवा भिजत घातलेल्या कडव्या वालांना छान मोड आले आहेत. ही कोमट पाण्याचे पातेले माझ्यापुढे ठेवून गेली आहे. डाळिंब्या सोलायला अंगठ्याबरोबर तुम्हीच लागता, आणि ओल्या, बुळबुळीत बोटांना नाडी सापडत नाही.

आपला,
डाव्या मनगटाचा मालक

ता. क. : सत्तेचाळीस वाल झाले, असे तुम्ही आत्ता मनातल्या मनात म्हणालात. मी ऐकले आहे.