पुढच्या वर्षी तरी

गणपतीला निरोप देताना आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतो आणि तो येतो. दोन्ही बाजूंनी इमानाने पाळला जाणारा असा करार दुसरा नसेल. पिट्सबर्गमध्ये आमच्या बेसबॉल संघाचं विसर्जनही साधारण त्याच सुमारास, सप्टेंबरात होतं. आम्हीही ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो. पुढच्या वर्षी संघ येतो, वेळेवर येतो, नव्या टोप्या घालून येतो. जिंकणं तेवढं मागे राहतं.

मी या शहरात २००१ साली आलो. त्याच वर्षी ॲलेगेनी नदीच्या काठी पीएनसी पार्क हे नवंकोरं स्टेडियम उघडलं होतं. पिवळे पूल, नदीपलीकडे उंच इमारती, संध्याकाळचं ऊन. असं देखणं मैदान अख्ख्या अमेरिकेत नाही, असं इथे कुणीही छातीठोकपणे सांगतो. त्या देखण्या मैदानात पिट्सबर्ग पायरेट्स त्या वर्षी ६२ सामने जिंकले आणि १०० हरले. मी म्हटलं, वास्तू नवी आहे, लाभायला वेळ लागणारच. २०२२ साली पुन्हा हिशोब केला. ६२ जिंकले, १०० हरले. एकवीस वर्षांनी ताळेबंद पैशापैशाने जुळला. एवढं सातत्य मुदत ठेवीच्या व्याजातही मिळत नाही.

क्रिकेटवाल्यांना हे दुःख कळायचं नाही. तिथे पाऊस पडतो, सामना अनिर्णित राहतो, पाच दिवस झुंजून अब्रू वाचते. बेसबॉलला बरोबरी ठाऊक नाही आणि हंगाम १६२ सामन्यांचा. म्हणजे दहावीचा निकाल सहा महिने जवळजवळ रोज रात्री लागावा आणि रोज घरात एकच प्रश्न विचारला जावा, ‘काय झालं रे?’

आमच्या घराण्याचा इतिहास मात्र मोठा आहे. वर्ल्ड सिरीज आम्ही पाच वेळा जिंकलो, शेवटची १९७९ साली. त्यानंतर १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम आम्ही जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरलो. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढं सलग अपयश दुसऱ्या कुणाला साधलेलं नाही. २०१२च्या ऑगस्टमध्ये ६३ विजय आणि ४७ पराभव अशी भलतीच चांगली परिस्थिती झाली, तेव्हा मी घाबरून पेन हिल्सच्या बालाजीला नवस बोललो. उरलेल्या ५२ सामन्यांत आम्ही १६ जिंकले. देव नवसाला पावतो, पण आधी फाइल मागवतो.

२०१३ साली मात्र चमत्कार झाला. आम्ही बाद फेरीत गेलो. २०१४ला गेलो, २०१५ला ९८ सामने जिंकून गेलो. या शेवटच्या दोन वर्षांत आमची बाद फेरी एकेका सामन्यात आटोपली. दोन्ही सामने घरच्या मैदानावर, दोन्हींत आमच्या धावा शून्य. सहा महिने पंगतीची तयारी करायची आणि पहिल्या घासाला ठसका लागून उठायचं. त्यानंतर त्या पंगतीचं बोलावणं काही आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हरणारे संघ जगात पुष्कळ आहेत. आहेत. पण हरण्यात कल्पकता लागते. २७ मे २०२१, शिकागो कब्स पाहुणे आलेले. त्यांचे दोन गडी बाद, तिसरा पडला की डाव संपला. हावियर बाएझने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. तिथून फेक आमच्या पहिल्या बेसवाल्याकडे आली. जरा बाजूला आली, पण आली, हातात बसली. बॅटर पोहोचायच्या आत बेसला नुसता पाय लावायचा, काम फत्ते. बाएझ वाटेतच थांबला, वळला आणि आला तसा उलटा घराकडे पळत सुटला. आणि आमचा गडी चेंडू घेऊन त्याच्या मागे! विकेटकीपरने हातातल्या चेंडूने बेल्स उडवायच्या सोडून बॅट्समनला पॅव्हेलियनच्या पायरीपर्यंत गाठायला जावं, तसा. तेवढ्यात दुसऱ्या बेसवरून निघालेला त्यांचाच कॉन्त्रेरास धावत येऊन घसरत होम प्लेटवर पोहोचला. बाएझने स्वतःच पंचासारखे हात पसरून तो सुरक्षित असल्याची खूण केली आणि मग फुरसतीने पहिल्या बेसकडे पळाला, कारण तिथे आमचं आता कुणीच नव्हतं. त्याच्या मागून केलेली फेक उजव्या मैदानात गेली आणि तो दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. डबा ऐसपैस खेळणारी पोरंसुद्धा बाएझकडे बघून हसली असती आणि बेसवर पाय ठेवून उभी राहिली असती.

उलटंही घडतं. १५ मे २०२२ रोजी सिनसिनाटीच्या पिचरनी आम्हाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मारू दिला नाही. सामना आम्ही १-० जिंकला. त्यांनी तिघांना फुकट बेस बहाल केले आणि एका साध्या सरपटी चेंडूवर आमची धाव झाली. आमच्याकडून हरायचं तर समोरच्यालाही अशी खास मेहनत घ्यावी लागते.

आई सहा महिन्यांसाठी इथे आली होती, तेव्हा तिला सामन्याला घेऊन गेलो. दोन डावांच्या मधल्या वेळात पिरोगींची शर्यत असते. पिरोगी म्हणजे पूर्व युरोपातून पोलादाच्या कारखान्यांत राबायला आलेल्या लोकांनी या गावात रुजवलेली, बटाटा नि चीज भरलेली उकडलेली करंजी. माणसं त्या करंजीचं भलंमोठं सोंग चढवून मैदानाच्या कडेने पळतात.

“अरे, करंज्या पळतायत!” आई उठून उभी राहिली. “यातली आपली कुठली?”

“हालापेन्यो हॅना.”

हॅना दुसरी आली. त्या रात्री आमच्या बाजूने एवढ्या जिद्दीने पळालेली ती एकटीच. आठव्या डावात आम्ही सहा धावांनी मागे होतो आणि स्टँड अजून भरलेला होता. आईने इकडेतिकडे पाहिलं.

“हरतोय ना आपण? मग लोक घरी का जात नाहीत?”

“सामना संपला की फटाके आहेत, आई.”

“म्हणजे लग्न मोडलंय, पण जेवणावळ आहे.”

आईने पंधरा मिनिटांत जे ओळखलं, ते समजायला मला पंधरा वर्षं लागली. या खेळात खालच्या वर्गात ढकलणं नाही, तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये. खेळाडूंच्या एकूण पगाराला वरून मर्यादा नाही, फार खर्च करणाऱ्याला दंड तेवढा आहे. खालूनही मर्यादा नाही, हे महत्त्वाचं. टीव्हीच्या राष्ट्रीय करारांचे पैसे सगळ्यांत वाटले जातात आणि श्रीमंत शहरांच्या उत्पन्नातला हिस्सा गरीब शहरांना मिळतो. वर, जो जास्त हरतो त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पुढचा नंबर मिळण्याची संधी जास्त. नापास मुलाला पहिला बाक, आणि वर शिष्यवृत्ती. मग अभ्यास कोण करेल?

असाच पहिला नंबर लागून पॉल स्कीन्स आमच्याकडे आला. २०२५ साली त्याने नऊ डावांमागे सरासरी दोन धावाही दिल्या नाहीत. आकडा १.९७. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याच्या नावावरचा हिशोब? दहा विजय, दहा पराभव. त्याने दिलेली एक धावही आमच्या बॅटरना डोंगराएवढी वाटायची. घरात एकच मुलगा कमावता, आणि बाकीचे सगळे त्याच्या सत्काराला टाळ्या वाजवायला हजर.

त्याच वर्षी विटांचं प्रकरण झालं. स्टेडियम बांधलं तेव्हा चाहत्यांनी पैसे भरून आपल्या, आपल्या आईवडिलांच्या, वारलेल्या आजोबांच्या नावाच्या विटा तिथल्या फरसबंदीत बसवून घेतल्या होत्या. त्या काढल्या गेल्या आणि त्यांचा ढीग भंगाराच्या आवारात सापडला. ओरड झाली, खुलासे झाले. पंढरपुरात भक्ताने पैसे न घेता नुसती फेकलेली वीट देवाने आजतागायत सोडलेली नाही. इथे भक्ताने पैसे भरून दिलेली वीट देवळालाच जड झाली.

तेव्हा स्टँडमधून घोषणा सुरू झाल्या, ‘संघ विका, संघ विका’. मीही घसा फोडून ओरडलो. घरी येताना पुलावर ध्यानात आलं, की ही घोषणा मालकाच्या कानावर घालायची तर आत जावं लागतं. आत जायला तिकीट लागतं. ओरडून घसा सुकला की आतच लिंबूपाणी घ्यावं लागतं. आणि हे सगळे पैसे ज्याच्या नावाने घोषणा दिली, त्याच्याच गल्ल्यात जमा होतात. जगात एवढा शिस्तीचा, आगाऊ आरक्षण केलेला निषेध दुसरीकडे नसेल. मालकाला जिंकायची घाई नाही, कारण त्याच्याकडे मी आहे. पिचर विकता येतो, बॅटर विकता येतो. मला विकायची त्याला गरजच नाही, मी स्वतःहून दरवर्षी नूतनीकरण करतो.

शेजारी सांगतात, इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, स्टीलर्सचा हो. त्यांचं मैदान आमच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रंग तेच काळा आणि पिवळा, आणि सहा सुपर बोल. सल्ला चांगला आहे. पण तुमच्या आळीत कुणी सांगितलं, की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मुलाला जास्त मार्क पडतात, तर तुम्ही मुलगा बदलाल का?

म्हणून मी एक पळवाट शोधली आहे. ओकलंड भागात, विद्यापीठाच्या आवारात, आमच्या जुन्या फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला म्हातारेकोतारे तिथे जमतात आणि १९६० सालच्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून लावतात. त्या सात सामन्यांत न्यूयॉर्क यांकीजनी ५५ धावा केल्या, आम्ही २७. तरी शेवटच्या सामन्यात, शेवटच्या डावात, बिल मॅझरॉस्कीने चेंडू भिंतीपलीकडे मारला आणि १०-९ असे आम्ही जिंकलो. लेकीने विचारलं, “बाबा, निकाल माहीत असताना तीन तास बसायचं कशाला?” माझ्या शेजारचे आजोबा नवव्या डावात अजूनही नखं खात होते, मी तिला ते दाखवलं.

टेप दुपारी एकच्या सुमाराला सुरू होते आणि ३ वाजून ३६ मिनिटांनी आपण जिंकतो. येत असाल तर खुर्ची आणि डबा आपापला आणा. तिकीट नाही, त्यामुळे मालकाला एक पैसाही जात नाही.