तळहाताएवढी वाटणी

फ्लोरेन्सच्या जोव्हानी अँतिनोरी यांनी 1385 मध्ये तिथल्या वाइनवाल्यांच्या संघात नाव घातलं. आज त्या घराण्याची 26वी पिढी तोच धंदा करते. लातूर-नांदेडकडच्या माणसाला हे ऐकून चव वगैरे सुचत नाही. तो आधी विचारतो, वाटण्या कशा केल्या?

आपला हिशोब करून बघा. मूळपुरुषाची 100 एकर काळी, दर पिढीला दोन मुलं, सरळ निम्मा वाटा. 26व्या पिढीतल्या पठ्ठ्याच्या सातबाऱ्यावर तळहाताएवढी जमीन येते. तीही एका तुकड्यात नाही. थोडी विहिरीजवळ, थोडी चोपण. मधला धुरा मात्र शाबूत, कारण भांडायला काहीतरी लागतंच.

द्राक्षांना आपण नवखे नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकातच दौलताबादच्या द्राक्षांबद्दल लिहून गेला. औशाकडे आजही बागा आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी; मग काडीच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावत बाया ओळीनं पुढं सरकतात. वर्षातून दोनदा कापून घ्यायचं आणि तरी फळायचं, हे वेलीला जमतं. भावकीत एकदाच वाटणी होते, अन् तीन पिढ्या बोलणं बंद.

फ्रान्समध्येही नेपोलियनच्या 1804च्या कायद्यानं मुलांना सारखा वाटा दिला. बर्गंडीतल्या क्लो द वूजो या सुमारे 50 हेक्टरच्या मळ्याला आज 80च्या आसपास मालक आहेत. बाहेरून एकच दगडी भिंत, आत वेलींच्या ओळी मोजून हद्द. मध्ये धुराच नाही! मग ही माणसं रिकाम्या वेळी करतात काय?

आपल्याकडे अकलूजला फ्रातेल्ली वाइनरी निघाली, ती सख्ख्या भावांच्या तीन जोड्यांनी मिळून: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेच्ची. सहा भाऊ, एक धंदा! आमच्या पारावर वाइनपेक्षा याचीच नशा जास्त चढते.

अँतिनोरींच्या वाटण्यांचं कोडं मात्र राहिलंच. तिथं या पिढीत मुलगा नाही. तीन बहिणी, अल्बिएरा, अल्लेग्रा आणि अलेस्सिया, घराण्याचा कारभार बघतात. आमच्याकडे एव्हाना तिघींना माहेरी पुरणपोळीला बोलावून, दुपारच्या आत हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन, सगळं चुलतभावाच्या नावे लागलं असतं. साडी मात्र भारीतली नेसवली असती.