ऋणमुक्तीव्रत: साहित्य, विधी आणि निषिद्ध गोष्टी

हे व्रत कोणी करावे, याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत. एका क्रेडिट कार्डाचे बिल दुसऱ्या कार्डातून भरणारा, पगार जमा झाल्याचा आणि हप्ते वळते झाल्याचा मेसेज एकाच श्वासात वाचणारा, आणि अनोळखी नंबर दिसताच फोन पालथा घालून 'काही नाही गं, कंपनीवाल्यांचे फोन' असे घरात सांगणारा, हे तिघेही अधिकारी आहेत. वयाची, शिक्षणाची अट नाही. जाड पगारवाल्यांनी तर हे व्रत विशेष श्रद्धेने करावे, कारण कर्ज देताना बँकाही त्यांच्यावर विशेष श्रद्धा ठेवतात.

आधी जुने उपाय तपासून बाजूला ठेवावेत

पहिला उपाय तुकोबांचा. त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही आख्यायिका कर्जदारांना फार प्रिय असते. अडचण एवढीच की त्या प्रसंगात तुकोबा धनको होते. लोकांकडून येणे होते, त्यावर त्यांनी पाणी सोडले. ऋणकोने आपल्याकडची प्रत नदीत सोडल्यास नदी तेवढी घाण होते, कर्ज बँकेच्या सर्व्हरवर कोरडे राहते.

दुसरा उपाय १८७५ चा. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडचे रोखे हिसकावून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा करावा लागला. उपाय लागू पडला, कारण रोखा एकाच जागी होता आणि कर्जदार गावभर एकत्र होते. आज कागदाच्या प्रती असंख्य आहेत आणि कर्जदार एकटा आहे. तोही बाथरूममध्ये नळ सोडून हळू आवाजात बोलणारा.

तिसरा उपाय नादारीचा. येथे आपले कायदे परंपरेची बूज राखतात. मुंबईकराला नादार व्हायचे असेल तर १९०९ चा कायदा आहे, पुणेकराला १९२० चा. पुण्याला वेगळा कायदा असणे स्वाभाविकच आहे. या मूळ कायद्यांत ५०० रुपयांच्या देण्यावर नादारीचा अर्ज करता येतो, यावरून त्यांचे वय समजावे. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आहे, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालेला आहे. ज्याने कंपनी बुडवली त्याच्यासाठी अद्ययावत यंत्रणा, ज्याने लग्नाच्या हॉलपायी पर्सनल लोन काढले त्याच्यासाठी ब्रिटिश काळ. सबब हे व्रत घरच्या घरी करणे भाग आहे.

साहित्य

शंभर पानी वही एक. पेन एक. सर्व कर्जांची ताजी स्टेटमेंटे. बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. घरातील सज्ञान व्यक्ती एक, शक्यतो जोडीदार. आणि क्रेडिट अहवाल. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. आपल्याला फुकट मिळणारी आणि तरीही नकोशी वाटणारी ही एकमेव वस्तू असावी.

अहवालात विसरलेली कर्जे सापडतात. मागच्या दिवाळीत 'शून्य टक्के'वर घेतलेला टीव्ही सापडतो. मित्राच्या कर्जाला 'फक्त सही' म्हणून राहिलेली जामीनकीही सापडते. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्र गोव्याला असल्याचे फोटो टाकत असताना बँक आपल्याला फोन करते, ती याच कलमाच्या बळावर.

संकल्प

संकल्प मनात करू नये, ती चूक आजवर पुष्कळांनी केली आहे. जोडीदारासमोर बसून, एकूण रक्कम मोठ्याने, शेवटच्या रुपयापर्यंत उच्चारावी. 'थोडंफार आहे', 'मॅनेज होतंय', 'बोनस आला की बघू' हे मंत्र या व्रतात वर्ज्य आहेत. समोरून प्रथम शांतता, मग प्रश्न, मग २०१४ सालच्या एका सोफासेटचा उल्लेख, असा क्रम येईल. तो धीराने सोसावा. लपवण्यावर खर्च होणारी शक्ती या क्षणापासून मोकळी होते आणि ती पुढच्या विधीला लागते. फोन पालथा ठेवावा लागत नाही, ही व्रताची पहिली फलप्राप्ती.

देण्यांची मांडणी

वहीत चार रकाने पाडावेत: कोणाचे, किती, व्याज किती, कधीपासून थकले. मग व्याजाच्या उतरत्या क्रमाने ओळी लावाव्यात. बहुतेकांच्या वहीत पहिल्या ओळीवर क्रेडिट कार्ड विराजमान होते.

कार्डाचे गणित एकदा हाताने करून पाहावे. समजा एक लाख थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झाले ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. आपण 'किमान देय' पाहून मोठ्या मनाने पाच हजार भरले, तर कर्ज कमी झाले ८७० रुपयांनी. उरलेल्या ४,१३० रुपयांत आपण बँकेचा आणि सरकारचा महिना गोड केला. उलट हेच एक लाख १४ टक्के दराने पाच वर्षांच्या पर्सनल लोनमध्ये वळवले, तर पूर्ण हप्ताच २,३२७ रुपयांच्या आसपास बसतो. म्हणजे कार्डाचे नुसते व्याज तिथल्या अख्ख्या हप्त्याहून जास्त. म्हणून थकबाकी स्वस्त हप्त्यांत वळवून मागावी. मात्र वळवल्यावर रिकामे झालेले कार्ड पाहून 'आता लिमिट मोकळी झाली' असा आनंद ज्याला होईल, त्याने कार्ड तिथल्या तिथे कात्रीने कापावे. बारीक कापावे.

यादीत शेवटी मेहुण्याकडून घेतलेले हातउसने येते. त्याचा व्याजदर कागदोपत्री शून्य असतो, पण प्रत्येक बारशाला, मुंजीला आणि साखरपुड्याला तो चक्रवाढीने आकारला जातो. त्याच्यासाठी दरमहा छोटी का होईना, ठरलेली रक्कम ठेवावी. मेहुण्याविरुद्ध दाद मागायला कुठे लोकपाल नाही.

खर्चाची कात्री

आता उत्पन्नातून घरखर्च वजा करावा. उरेल ते धनकोंचे. या टप्प्यावर मराठी कुटुंबात एक ठरलेला सोहळा होतो. प्रथम वर्तमानपत्र बंद होते, मग धुण्याभांड्यांच्या मावशींचा पगार निम्मा करण्याचा ठराव येतो, मग आजोबांच्या औषधांच्या गोळ्या 'एक दिवसाआड चालतील का' अशी चर्चा होते. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या हप्त्याला मात्र कोणी हात लावत नाही, कारण गाडी सोसायटीला दिसते. शास्त्रोक्त क्रम याच्या बरोबर उलटा आहे. दिसणारे आधी कापावे. औषधे, आरोग्य विमा, शाळेची फी आणि मावशींचा पगार तसेच ठेवावेत. 'लोक काय म्हणतील' हा घरखर्चातला सर्वांत मोठा आकडा असूनही तो कोणत्याच वहीत लिहिलेला सापडत नाही.

धनकोंशी संभाषण

हप्ता चुकण्याआधी बोलावे. बँकेच्या चोपड्यात ३०, ६० आणि ९० दिवस अशा तीन पायऱ्या असतात. ९० दिवस उलटले की कर्ज एनपीए होते आणि आपण ग्राहकाचे प्रकरण होतो. त्याआधी शाखेत लेखी अर्ज किंवा ईमेल द्यावा: उत्पन्न का घटले, दरमहा किती झेपते, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का. ही मागणी मान्य करण्याचे बंधन बँकेवर नाही, पण आकड्यांसह आलेला अर्ज फेकून देणे तिलाही जड जाते. अर्ज भावनिक करू नये. 'आपला नम्र' पुरेसे आहे, 'आपलाच अभागी' नको. आकडे जुळत नसतील तर अग्रणी बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात जावे. तिथला सल्ला मोफत असतो, म्हणूनच बहुधा तिथे गर्दी नसते.

लेट फीच्या ओळीकडेही पाहावे. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितले की कर्जाचा हप्ता चुकल्यास दंड आकारता येईल, पण व्याजदर वाढवून दंडव्याज लावता येणार नाही आणि दंडावर पुन्हा व्याज चढवता येणार नाही. क्रेडिट कार्डाला ही सवलत नाही. कार्डाला कोणतीच सवलत नसते, ते स्वतःच सवलतीच्या रूपाने आलेले असते.

आता वसुली एजंट. हा गृहस्थ 'साहेब' म्हणून सुरुवात करतो आणि कुठे संपतो, ते आपल्या उत्तरावर नव्हे तर त्याच्या टार्गेटवर अवलंबून असते. संभाषण असे ठेवावे:

'साहेब, आज किती टाकताय?'

'दादा, तुमचं नाव, एजन्सी आणि बँकेचं अधिकारपत्र पाठवा, मग बोलू.'

'घरी येऊ का मग? शेजाऱ्यांना पण कळू दे.'

'या. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. त्याबाहेर फोनही नको, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉल रेकॉर्ड होतोय. चहा घेणार ना?'

आठच्या आधी आणि सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकी देऊ नये, नातेवाइकांत आणि मित्रांत बदनामी करू नये, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. चहाचा उल्लेख त्यात नाही, तो आपल्या संस्कृतीतून घ्यावा. एजंटाच्या हाती रोकड देऊ नये. पैसे कर्जखात्यातच भरावेत आणि पावती जपावी. सर्वांत महत्त्वाचे, सुटका करून घेण्यासाठी 'उद्या भरतो' म्हणू नये. पलीकडे ते वचन म्हणून नोंदले जाते आणि मोडलेले प्रत्येक वचन पुढच्या फोनचा आवाज एक पट्टी वर नेते.

उपद्रव थांबला नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. फी नाही. कर्ज देणाऱ्या मोबाइल अॅपवाल्यांनी फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावण्याची मुभाच नाही; तरीही आत्याला, ऑफिसला मेसेज गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे आणि पोलिसात जावे. खासगी सावकाराला तर महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. 'परवाना दाखवा' एवढ्या दोन शब्दांनी काही सावकारांचा स्वभाव लक्षणीय मृदू होतो. न झाल्यास सहकार खात्याचे निबंधक कार्यालय गाठावे.

निषिद्ध गोष्टी

कोरा चेक देऊ नये. कर्ज थकणे हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कोणी बेड्या घालत नाही. पण चेक वटला नाही तर कलम १३८ लागते आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोर्टाची किंवा लोकअदालतीची नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवू नये. देव ती वाचत नाहीत. 'निम्म्यात सेटल करून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्या सल्लागाराला आपले उरलेले निम्मे देऊ नये. सेटलमेंट करायचीच असेल तर बँकेशी थेट, लेखी पत्र हाती घेऊन करावी. अहवालात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शिक्का पडेल आणि पुढचा कर्ज देणारा तो पाहून दचकेल, हे ठाऊक ठेवून करावी. आणि जुने कर्ज फेडण्यासाठी त्याहून महाग नवे कर्ज काढू नये, मग अॅपवर ते कितीही 'दोन मिनिटांत' मिळो.

उद्यापन

शेवटचा हप्ता गेला म्हणजे व्रत संपले असे नाही. ना हरकत दाखला घ्यावा. घर तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची असते. कार्ड बंद करण्याचा अर्ज केल्यावर बाकी काही नसेल तर सात कामकाजी दिवसांत ते बंद व्हावे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये. हप्ता चुकल्याचा दंड आपण वर्षानुवर्षे भरला, तेव्हा हे दोन आकडे पाठ करण्यात एक निर्मळ समाधान आहे. दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा मागवून प्रत्येक खाते बंद दिसते का ते पाहावे.

यानंतर लवकरच एक गोड आवाजाचा फोन येतो. आपण 'उत्कृष्ट ग्राहक' ठरलो आहोत आणि आपल्यासाठी पाच लाखांचे कर्ज आधीच मंजूर झाले आहे, अशी वार्ता मिळते. तेव्हा ही वही जवळ असावी.

राहता राहिले वाचक. हा लेख वाचताना ज्यांना पहिल्या परिच्छेदापासून आपला मेहुणा आठवत होता, त्यांनी तो मेहुण्याला खुशाल पाठवावा. पण त्याआधी स्वतःची यादी करावी आणि घरातल्या माणसाला ती वाचून दाखवावी.