पोरांनी जर्नल काढलंय म्हणे!

ऐकलंत का? मेडिकलची पोरं आता स्वतःचं संशोधन जर्नल काढतायत. शांतं पापम्! ज्या वयात मेसच्या भाजीविरुद्ध तक्रार अर्ज खरडायचा, त्या वयात ही मंडळी एकमेकांच्या केस रिपोर्टवर ‘पुन्हा लिहा’ असे शेरे मारणार. अॅनाटॉमीची व्हायवा तोंडावर आलीय आणि इकडे लोगोचा निळा गडद हवा की फिका, यावर हॉस्टेलच्या गच्चीत पहाट होतेय.

आणि पदं तरी किती! मुख्य संपादक, सहमुख्य संपादक, कार्यकारी संपादक, सोशल मीडिया संपादक. लग्नपत्रिकेतल्या ‘विनीत’सारखी यादी लांबतच जाते. लेख कोण लिहिणार विचारलं, की सगळ्यांची वॉर्डात ड्युटी. दुसऱ्या अंकाचं तर नावच काढू नका. संस्थापक बॅच इंटर्नशिपला लागली, की पासवर्डसुद्धा कुणाला आठवत नाही.

हे खूळ आलं कुठून? अमेरिकेकडे बोट दाखवलंत तर निम्मं बरोबर. तिथल्या यूएसएमएलई या डॉक्टरी परवाना परीक्षेच्या स्टेप वनचे गुण २६ जानेवारी २०२२ पासून बंद झाले. उरलं नुसतं पास-नापास. (मुहूर्तही आपल्या झेंडावंदनाचा!) गुणांवर भाव खाता येईना, म्हणून बायोडेटात शोधनिबंध कोंबायचे. तिकडच्या रेसिडेन्सीवर डोळा ठेवून बसलेली मुंबई-पुण्याची पोरं मागे कशी राहतील? त्यातून आपल्याकडे आयएसएसएन फुकट मिळतो. तो आठ अंकी ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. पण हे आत्याला कोण सांगणार? ‘सरकारमान्य जर्नल हो आमच्या बंटीचं,’ असं सोसायटीभर सांगून ती मोकळी.

खोड मात्र जुनी. येलमध्ये विद्यार्थ्यांनी संपादित केलेलं जर्नल १९२८ पासून निघतंय. पोरांना काय कळतं म्हणावं, तर जे मॅक्लीनला १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा सुगावा लागला. त्याआधी, १८६९ मध्ये, बर्लिनच्या पॉल लँगरहान्सने विद्यार्थी असतानाच स्वादुपिंडातली पेशींची बेटं शोधली, आणि ती कशासाठी आहेत हे मला ठाऊक नाही, असं प्रबंधात सरळ लिहून टाकलं. आजच्या एखाद्या लेखकाकडून एवढं एक वाक्य काढून दाखवा! असो, अशा उदाहरणांनी निंदेची मजा जाते.

खरा बॉम्ब पुढेच आहे. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम सांगतो की नुसती देखरेख केली किंवा निधी आणला, म्हणून कुणी लेखक ठरत नाही. आता तिसऱ्या वर्षाच्या पोरीने संपादक म्हणून विभागप्रमुखांना विचारायचं, “सर, या निबंधात तुमचं नक्की काम काय?” आणि तेच सर महिन्याभरात तिची प्रॅक्टिकल घेणार! पोरगी हुशार निघाली. पहिल्या अंकात सरांचं नाव कुठल्याही निबंधावर नाही. पहिल्याच पानावर त्यांचा शुभेच्छा संदेश आहे, फोटोसकट.