फॉरमॅटकाका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक पाण्याच्या पंपातला जाणकार असतो आणि एक फॉरमॅटकाका असतात. पहिल्या दोघांना मिनतवाऱ्या करून उभं करावं लागतं. फॉरमॅटकाका स्वयंभू असतात. कुणाचा तरी कॉम्प्युटर दिवसातून चारदा निळा पडायला लागला, की बातमी जिन्याने वर-खाली होते आणि रात्री जेवणं उरकायच्या आत काका दारात हजर. बर्म्युडा, खिशात स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह.

"वहिनी, चहा मागनं. आधी डबा दाखवा."

काकांची तपासणी उभ्या उभ्या होते. हाताची घडी, मान किंचित तिरपी, पंख्याच्या घरघरीकडे कान. मग निदान : "व्हायरस." जरा थांबून, "नाहीतर रॅम." खुर्ची ओढता ओढता, "एसएमपीएसही असू शकतो हं. तुमच्याकडे लाइट कमी-जास्त होते का?" आणि शेवटी घरातल्या मुलाकडे रोखून बघत, "काय काय डाउनलोड केलंयस रे?" मुलाने काहीही केलेलं नसलं तरी तो या प्रश्नाला दचकतोच, आणि घरच्यांना निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

एवढ्यात स्क्रीन पुन्हा निळी पडते. मुलगा म्हणतो, "काका, खाली काहीतरी कोड आलाय. फोटो काढून ठेवू?"

"ते कंपनीसाठी असतं. आपल्याला नाही लागत."

खरं तर लागतं ते तेवढंच. कोसळता कोसळता विंडोज आपल्या मरणाचं कारण बऱ्यापैकी सांगून जातं. 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहून आलं तर संशय रॅमवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर घ्यायचा. त्या क्षणाचा पंचनामा 'मिनीडंप' नावाच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. कुठल्या दिवशी काय कोसळलं याची तारीखवार नोंदही कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो. पण वाचण्यावर काकांचा विश्वास नाही. त्यांचा विश्वास हातावर.

आणि हात बाकी देखणा चालतो. झाकण उघडून काका रॅमची पट्टी अशी उपसतात की कट्कन खिटी सुटल्याचा आवाजही लाडिक वाटावा. "खोडरबर आहे?" मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर येतं. पट्टीच्या कडेचे सोनेरी दात काका एका दिशेने, न दाबता, घासत जातात. चटईवर काळसर चुरा पडतो. पावसाळ्यात या दातांवर ओलाव्याचा पापुद्रा धरतो आणि निव्वळ घासल्याने मशीन सुरू झाल्याची उदाहरणं गल्लोगल्ली सापडतील. म्हणजे ही विद्या खोटी नाही. काका इथेच थांबले असते, तर त्यांचं हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती.

पण काका थांबत नाहीत. त्याच बैठकीत प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लागते, पंख्यातला धुळीचा गालिचा निघतो, प्लग दुसऱ्या बोर्डात जातो, एक अँटिव्हायरस निघून दुसरा बसतो, आणि सरतेशेवटी पेनड्राइव्ह खुपसून काका आपला बीजमंत्र म्हणतात : "फॉरमॅट मारू." पट्टी तीस टक्क्यांवर आली की त्यांना आठवतं.

"बॅकअप आहे ना?"

"म्हणजे? मुंजीचे फोटो आहेत हो त्यात."

"कुठल्या ड्राइव्हला?"

"डेस्कटॉपवरच होते."

"वहिनी," काका चष्मा पुसत म्हणतात, "फोटो नेहमी डी ड्राइव्हला ठेवावेत."

त्यानंतर आठवडाभर कॉम्प्युटर गुणी बाळासारखा वागतो. नक्की कशाने, हे काकांना विचारू नये. "सगळ्याचा मिळून गुण आला," हे उत्तर ठरलेलं आहे. आठवड्यानंतर स्क्रीन पुन्हा निळी पडते. मग झाकण कायमचं उघडं ठेवायचं आणि समोर टेबलफॅन लावायचा, हा उपाय. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की आधी वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद करतो, त्यामुळे टेबलफॅनचाही कधीकधी गुण येतो. काकांची पंचाईत हीच आहे, की त्यांचा कुठलाच उपाय निखालस चुकीचा नसतो.

काकांचा सुवर्णकाळ म्हणजे एक्सपी. ते २००१ साली आलं आणि ८ एप्रिल २०१४ ला कंपनीने त्याची देखभाल थांबवली, याचं सुतक काकांनी अजून सोडलेलं नाही. १९ जुलै २०२४ ला मात्र त्यांचा चेहरा उजळला होता. एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने त्या दिवशी जगभरातली सुमारे ८५ लाख मशीन्स निळी पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. मशीन सेफ मोडमध्ये चालू करून एकच फाइल उडवायची, एवढाच तो इलाज होता. काकांचं मत वेगळं पडलं : "इतकी माणसं ताटकळत ठेवण्यापेक्षा फॉरमॅट मारायचा ना!"

तिसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीने मात्र त्यांना पेचात टाकलं. तिने निळ्या स्क्रीनचा फोटो काढला, कोड वाचला, रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली. चुका निघाल्यावर दोनपैकी एकच पट्टी ठेवून दोन दिवस मशीन चालवलं, मग दुसरी ठेवून दोन दिवस. बाकी कशालाही हात लावला नाही. दुसरी पट्टी खराब निघाली. काका रोज डोकावत होते. "अगं, एवढ्यात तीन फॉरमॅट झाले असते," असंही म्हणून झालं.

नवी पट्टी आणायला मात्र काकाच लॅमिंग्टन रोडला गेले. पालिकेने त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, पण काकांच्या तोंडी लॅमिंग्टनच. येताना जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, "रॅम आहे, हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." आणि म्हटलं होतंच की! व्हायरस, वीज, एसएमपीएस, मुलगा, सगळ्यांचीच नावं घेतल्यावर चोर त्यातलाच कुणीतरी निघणार.

तरीही काकांना नावं ठेवू नयेत. दुकानवाला डबा घेऊन जातो आणि चार दिवस फोन उचलत नाही. काका रात्री साडेदहाला येतात, पैसे घेत नाहीत, आणि चहात साखर कमी असली तरी बोलत नाहीत. तेव्हा त्यांना जरूर बोलवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अशी शपथ घालून बोलवा. आणि ते बेल वाजवायच्या आत सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, ती डिस्क कपाटात ठेवून, कपाटाला कुलूप लावा.